हरळी राखणारे बावाजी

आमच्या क्लबाच्या सेक्रेटरींना, म्हणजे बावाजींना, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते जमिनीवर पालथे पडले होते. डावा गाल गवताला टेकलेला, काळी पारशी टोपी काढून शेजारी ठेवलेली आणि एक डोळा मिटलेला. मला वाटले, म्हाताऱ्यांना भोवळ आली. मी धावत गेलो आणि "साहेब, साहेब" करत त्यांच्या खांद्याला हात लावला. ते जागचे न हलता म्हणाले, "बाजूला हो, डिकरा. तुझी सावली पडते."

ते गवताची पातळी पाहत होते. गाल जमिनीला लावला की कुठे उंचवटा आहे, कुठे खळगा पडला आहे ते नीट कळते, असे त्यांचे म्हणणे. हा त्यांचा रोज सकाळचा परिपाठ होता. मुंबईहून नवे पाहुणे आले की त्यांच्यापैकी कोणीतरी माझ्यासारखाच धावत येई आणि "सावली पडते" हे ऐकून परत जाई.

मी नोकरी मागायला आलो होतो. सिन्नरच्या शाळेतून मॅट्रिक आणि पुढे नाशिकला बोर्डिंगात राहून बी. ए. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. पण एकोणीसशे तीसच्या पुढची ती मंदीची वर्षे. माझ्यासारखे पदवीधर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होते आणि उतरत होते. क्लबात कारकून हवा आहे असे कळले म्हणून मी शहराबाहेरचा हा माळ तुडवत गेलो. बगलेत प्रमाणपत्रांची सुरळी होती. बावाजींनी ती हातातसुद्धा घेतली नाही. उठून बसले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि विचारले, "शेतकऱ्याचा मुलगा काय?"

"होय साहेब."

"मग हरळी ओळखते तू?"

"ओळखतो. आमच्या रानात लय आहे."

माझ्या तोंडून 'लय' गेला म्हणून मी जीभ चावली. बी. ए. झालेल्याने असे बोलू नये, असे मला तेव्हा वाटे. बावाजींचे तिकडे लक्षच नव्हते. ते माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाले, "लय आहे? नशीबवान लोक तुमी." आणि मला कामावर ठेवून घेतले.

घरी जाऊन मी वडिलांना सांगितले की साहेब हरळी लावतात, तिला पाणी देतात, खत घालतात. वडील जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. सगळे आयुष्य त्यांनी हरळीशी भांडण्यात घालवले होते. कुदळीने खणून काढायची, मुळी बांधावर वाळत टाकायची, आणि दोन सरी पडल्या की ती पुन्हा पिकात उभी. ते आईला म्हणाले, "अगं, ऐकलंस का? पोरगं शिकलं आणि येड्याच्या हाताखाली लागलं." मग जरा थांबून मला म्हणाले, "पगार वेळच्या वेळी देतो ना? मग लावू दे त्याला काय लावायचं ते."

क्लब म्हणजे एक लांबट कौलारू बंगला, भोवती व्हरांडा, पाहुण्यांसाठी खोल्या, आणि समोर पांडवलेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून पसरलेले मैदान. हिवाळ्यात मुंबईचे बडे साहेबलोक आणि देवळाली कॅम्पातले अधिकारी तिथे गोल्फ खेळायला येत. मैदानात ठिकठिकाणी वाटोळे, गालिच्यासारखे तुकडे राखलेले असत. त्यांच्या मधोमध भोक. लांबून काठीने मारत आणलेला चेंडू शेवटी त्या भोकात ढकलायचा, हा खेळ. त्या तुकड्यांना साहेब लोक ग्रीन म्हणत आणि बावाजीही ग्रीनच म्हणत. त्यांचा सगळा जीव त्या ग्रीनवर होता. चांगल्या दिवसांत म्हणे गव्हर्नरांच्या बंगल्यावरचे लोक पुण्याचे मैदान सोडून इथे खेळायला येत. मी गेलो तेव्हा ते दिवस उताराला लागले होते, पण ते मला कळायला वेळ लागला. मला सगळेच भव्य वाटत होते.

बावाजी स्वतः कधी खेळले नाहीत. मी एकदा धीर करून कारण विचारले. म्हणाले, "आचारी पंगतीत बसते काय?" त्यांचे मराठी असे होते. बाया, पुरुष, बैल, सगळ्यांना एकाच मापात बसवणारे. पण चाळीस-पन्नास माणसे त्या मराठीवर हलत होती, आणि कोणाला त्यात कमीजास्त वाटत नव्हते.

ते ग्रीनवर अनवाणी चालत. बूट काढून, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवत. अंगात पांढरा डगला, गळ्यात काळे बूट, आणि पायाचा अंगठा गवतात रुतवून बघत चाललेले हे गृहस्थ आग्रा रस्त्यावरून जाणाऱ्या टांगेवाल्यांच्या ओळखीचे झाले होते. "तळव्याला कळते," ते मला सांगत. "कुठे पानी जास्त झाले, कुठे मुंगी लागली, कुठे नुसतीच रुसली." मलाही त्यांनी बूट काढायला लावले. मी लहानपणापासून अनवाणीच वाढलेला, आणि नोकरी लागल्यावर मोठ्या हौसेने बूट घेतलेले. पण मी मुकाट्याने काढले. पुढे मला ते आवडूही लागले. सकाळी दव असताना त्या गवतावरून चालण्यासारखे सुख मी नंतर कुठल्याही गालिच्यावर अनुभवले नाही.

गवत कापण्याचे यंत्र एक पांढरा बैल ओढी. बैलाच्या खुरांचे ठसे ग्रीनवर उमटू नयेत म्हणून बावाजींनी भद्रकाली भागातल्या मोच्याकडून त्याच्यासाठी चामड्याचे चार बूट शिवून घेतले होते. सकाळी गड्याने ते बूट चढवायचे, नाड्या आवळायच्या आणि मगच बैल मैदानात. पोळ्याच्या दिवशी तो बैल शेजारच्या गावाच्या मिरवणुकीत जाई. त्या दिवशी बावाजी स्वतः त्याच्या बुटांना पॉलिश करत. गावकरी टिंगल करत, "बघा रं, बावाजीचा बैल कचेरीला निघाला." बावाजी त्यांना गंभीरपणे सांगत, "रजा आहे आज त्याला. नुसता फिरायला चालला."

गणपतीच्या दिवसांत पंचवटीतून एक भटजी दूर्वांसाठी येत. दूर्वा म्हणजे तीच हरळी, हे बावाजींना कोणीतरी सांगितले होते आणि तेव्हापासून त्यांचा हरळीबद्दलचा आदर दुप्पट झाला होता. ग्रीनला हात लावायचा नाही, कडेकडेने कात्रीने कापून न्यायच्या, अशी अट. भटजी कोवळे तुरे निवडत म्हणत, "बावाजी, तुमच्यासारखी दूर्वा अख्ख्या नाशकात मिळत नाही. देव खूश होतो." बावाजी हे वाक्य पुढचा महिनाभर मुंबईच्या पाहुण्यांना ऐकवत. साहेबांना गणपती माहीत नसे आणि दूर्वाही माहीत नसत, तरी ते मान डोलावत.

मला त्यांनी खूप दिले. संध्याकाळी कचेरीचे काम संपले की विलायतेतल्या बियाणे कंपन्यांची जाडजूड पुस्तके ते मला मोठ्याने वाचायला लावत आणि माझे इंग्रजी उच्चार सुधारत. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षे माझे इंग्रजी खते आणि गवते यांच्याच शब्दांनी भरलेले होते. मला मास्तरकीची परीक्षा द्यायची आहे हे कळल्यावर त्यांनी दुपारची दोन तासांची सुट्टी दिली आणि बंगल्यातली एक रिकामी खोली अभ्यासाला. "पाहुणे नाय, तर पुस्तके राहू दे," म्हणाले. मुलाखतीला जाताना स्वतःचा काळा कोट दिला. बाह्या लांब होत होत्या, त्या आत दुमडून त्यांनीच टाके घातले. आमच्या घरात मला पुस्तकातले कोणी काही सांगू शकत नव्हते. ती उणीव या परक्या माणसाने काहीही न बोलता भरून काढली.

पण खोली रिकामी होती, ती का रिकामी होती याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पाहुणे कमी झाले होते. मंदीत काही मुंबईकर बुडाले, काही मोटारीतून दुसरीकडे हवा खायला जाऊ लागले. क्लबाची कमिटी मुंबईला होती. तिथून दर थोड्या दिवसांनी काटकसरीचा हुकूम येई. आधी माळी कमी झाले. मग नेहमीच्या खुरपणाऱ्या बायका गेल्या. मग बैल विकला. ज्याने विकत घेतला तो बैलाचे बूट तिथेच काढून ठेवून त्याला घेऊन गेला. विहिरीवरच्या दोन मोटांपैकी एक बंद झाली. यंत्र आता गडीच ओढत, पण त्याची पाती बोथट झाली, नवी येईनात, म्हणून बावाजींनी विळ्याने गवत कापून घ्यायला सुरुवात केली, आणि मग पुन्हा गाल टेकून बघायचे काम दुप्पट झाले.

बंगल्याच्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम अजून मंजूर होत असे. इथे बावाजींनी जे केले ते मी कधी कोणाला सांगितले नाही. आज सांगायला हरकत नाही. ती रक्कम ते उरलेली मोट भाड्याच्या बैलांनी चालू ठेवण्यासाठी वापरत. कमिटीला ते तसे स्पष्ट लिहीतही, पण कमिटीने ते कधी नीट वाचले असावे असे वाटत नाही. कौले फुटत गेली. जेवणाच्या दालनाच्या भिंतींवर ओलीचे नकाशे उमटले. बिलियर्डच्या टेबलाखाली आम्ही पावसाळ्यात बादल्या ठेवत होतो. व्हरांड्याच्या फळ्यांना वाळवी लागली. मी म्हणालो, "साहेब, निदान व्हरांडा तरी करून घेऊ."

"व्हरांडा काय, पुढच्या वर्षी पन होईल. लाकूड थांबते. गवत एक उन्हाळा थांबत नाय."

मला ते पटले. आजही मनात ते पटते, आणि तिथेच सगळे चुकले हेही दिसते.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस कमिटीचे पत्र आले. दसऱ्यानंतर तीन सभासद स्वतः येऊन मैदान पाहणार, आणि ते चालू ठेवायचे की खंडाने घेतलेली जमीन मूळ मालकाला परत करायची, ते तिथेच ठरवणार. बावाजींनी ते दोनदा वाचले आणि अगदी आनंदाने म्हणाले, "बघायला येतात! बघितले की झाले." त्यांना खरोखरच असे वाटत होते की कोणी एकदा ते गवत पाहिले की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

सगळ्यात चांगले ग्रीन चौथे. विहिरीजवळ, एका आंब्याच्या पल्याड. तेच कमिटीला आधी दाखवायचे असे ठरले. पण पावसात त्यात लव्हाळ्याचे तण फार माजले होते. जुन्या बायका दुसरीकडे कामाला लागलेल्या, म्हणून शेजारच्या गावातून नव्या बायका रोजावर आणल्या. त्यांची मुकादमीण ठकूबाई, पन्नाशीची, काटक, सारखी बोलणारी. बावाजींच्या अंगात त्या दिवशी हिवताप होता. तरी घोंगडी पांघरून आले, लव्हाळ्याचा एक कोंब उपटून ठकूबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे सगळे काढ. मुळापासून. एक पन ठेवू नको." आणि थंडी वाजू लागली म्हणून जाऊन निजले. मी त्या दिवशी स्टेशनवर खताची पोती उतरवून घ्यायला गेलो होतो.

परत आलो तेव्हा उन्हे कलली होती. चौथ्या ग्रीनच्या जागी काळी, भुसभुशीत, उघडी माती होती. गव्हाच्या पेरणीला तयार केलेल्या वाफ्यासारखी. कडेला लव्हाळ्याचा एक छोटा ढीग, आणि त्याच्या शेजारी हरळीचा कंबरेएवढा. बायका हातपाय धूत होत्या. ठकूबाई मला पाहून हसली. शिकलेला म्हणून तिथली माणसे मला मास्तरच म्हणत.

"या मास्तर. लव्हाळा दुपारीच झाला. म्हनलं, रोज घ्यायचा तर बसून कशाला घ्यायचा? समदी हरळी बी काढून टाकली. एक मुळी नाय ठेवली बघा."

त्यांची काही चूक नव्हती. सकाळपासून त्या हरळीवर बसून लव्हाळा वेचत होत्या. कुठल्या शेतकरणीचा हात किती वेळ थांबणार? माझी आई असती तरी तिने तेच केले असते.

मागून बावाजी आले. घोंगडी खांद्यावरून खाली घसरली होती. ते कडेला उभे राहिले. बूट काढायला वाकले, मग काढायचे काही कारण उरले नाही हे लक्षात येऊन तसेच उभे राहिले. मी ठकूबाईवर ओरडणार इतक्यात त्यांनी मला हाताने थांबवले.

"सगळ्या बायका इथे होत्या? दिवसभर?" त्यांनी विचारले.

"व्हय बावाजी. पानी प्यायला बी उठलो नाय."

"चांगले काम केले," बावाजी म्हणाले. "असे सफाईने मी पन कधी पाहिले नाय." आणि मला म्हणाले, "ह्यांना गुळाचा चहा सांग."

चहा झाल्यावर त्यांनी ठकूबाईला शेजारी बसवून घेतले आणि सांगितले की ही हरळी इथे मुद्दाम वाढवलेली होती. ठकूबाई आधी हसली. तिला वाटले, तापात बरळतात. मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला.

"आगं बया. म्हंजी ही ठेवायची व्हती?"

"ठेवायची होती."

"कशाला पन?"

"साहेब लोक चेंडू ढकलतात."

ती उठली. मग ढिगाकडे गेली, मूठभर हरळी उचलून मुळ्या चाचपल्या. "वली हाय अजून," ती म्हणाली. "पोती टाकून झाका आन् पानी मारा. सकाळच्याला आमी येतो. कांद्याचं रोप लावतो तशी लावून देतो. रोज नको आमाला."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. रोज बावाजींनी दिलाच. पदर खोचून, वाफ्यात पाणी सोडून त्या ओळीने बसल्या आणि कांद्याची लागण करावी तशी हरळी लावू लागल्या. अंगठ्याने मुळी दाबायची, मातीने झाकायची, पुढे सरकायचे. एकजण म्हणाली, "जलमभर हिला उपाटली, लावायला आजच बसले." दुसरी म्हणाली, "गावात सांगू नका गं, सासू घरात घ्यायची नाय." ठकूबाई म्हणाली, "सासूला बी आना उद्या. ल्हान बोटं लागत्यात ह्याला." बावाजी अंगात ताप असताना शेवटच्या ओळीत, डगला काढून, त्यांच्याबरोबर बसले होते. त्यांची ओळ सगळ्यात वाकडी होती. ठकूबाईने ती त्यांच्यासमोरच उपटून पुन्हा लावली.

हरळी फुटली. आधी ओळी दिसत होत्या, मग ओळीतून आडवे धुमारे निघाले, मग माती झाकली. ठकूबाई रोज कामावरून परत जाताना डोकावून जाई. दसऱ्यापर्यंत चौथे ग्रीन असे झाले की बावाजींनी गाल टेकला आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी जवळ गेलो तर डोळे मिटलेले होते. "सगळे सारखे आहे," म्हणाले. "उपटले नसते तर असे झाले नसते." असे गवत त्या मैदानात पूर्वी कधी नव्हते, हे त्यांनीच कबूल केले.

कमिटी आली ती स्टेशनवरून मोटारीतून, दुपारी. तीन साहेब. अध्यक्ष निवृत्त होते, भारदस्त होते आणि पाय दुखत असल्यामुळे काठी टेकत चालत होते. जेवायला बसले ते ओलीच्या डागांसमोर. जेवण झाल्यावर व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. बोलणे सुरू झाले. किती सभासद उरले, किती खोल्या गळतात, कोणाची वर्गणी येते. बावाजी पायऱ्यांच्या खाली, हातात मोठी पांढरी छत्री घेऊन, गळ्यात बूट अडकवून उभे होते. ऊन उतरले की निघू, असे साहेब म्हणाले होते. मग चहा आला. चहा घेताना एका साहेबांच्या खुर्चीचा मागचा पाय वाळवी लागलेल्या फळीतून आरपार गेला आणि साहेब कपासकट मागे कलंडले. कोणाला लागले नाही. पण परत कोणी खुर्चीवर बसले नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. मुंबईची गाडी पकडायची होती.

मोटारीत बसताना त्यांनी बावाजींचा हात हातात घेऊन सौम्यपणे सांगितले की हा हिवाळा शेवटचा. मैदानाची जमीन मालकाला परत जाईल, बंगला विकावा लागेल. तुमच्या सेवेबद्दल कमिटी ऋणी आहे.

"साहेब, पण चौथे तुम्ही पाहिलेच नाही," बावाजी इंग्रजीत म्हणाले. "इथून हाकेवर आहे. आंब्याच्या पलीकडे."

"उत्तमच असणार," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही राखलेले आहे, आम्हाला त्यात शंकाच नाही." आणि मोटार निघाली.

कोणीच तिकडे गेले नाही. मला त्या निर्णयाचे इतके वाईट वाटले नाही. सभासद नव्हते, छप्पर गळत होते, कोणीही शहाण्या माणसाने तोच निर्णय घेतला असता. पण ते आंब्यापर्यंतसुद्धा चालत गेले नाहीत, याची बोच अजून गेलेली नाही.

सकाळी ठकूबाई वाटेवर थांबली होती. "काय म्हनाले सायेब?"

बावाजी म्हणाले, "फार आवडले. असे गवत विलायतेत पन नाय म्हणाले."

"मग!" ती मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, "हात कोनाचा हाय!" आणि खुशीत कामाला निघून गेली. बावाजी माझ्याकडे पाहायचे टाळत विहिरीकडे चालू लागले. त्या हिवाळ्यात खेळायला जेमतेम कोणी आले, तरी एक दिवसही मोट थांबली नाही.

पुढे मला येवल्याकडे शाळेत नोकरी लागली. त्यांच्याच कोटातल्या मुलाखतीची ती नोकरी. क्लब सुटल्यावर बावाजी गुजरातेत बहिणीकडे गेले असे कळले. मी दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. नंतर एका पारशी प्रवाशाकडून कळले की ते वारले. माझ्या हातून त्यांचे काही देणे फिटले नाही. मुलांना शिकवताना त्यांच्यासारखे थांबून, न ओरडता समजावण्याचा प्रयत्न करत राहिलो, एवढेच.

ते नाशकात असतानाचा शेवटचा दिवस मात्र मला सांगायला हवा. चैत्र होता. मालकाने जमीन पिंपळगावकडच्या एका शेतकऱ्याला खंडाने दिली होती. त्याला कांदा आणि भाजीपाला करायचा होता. तो बैलगाडीतून जमीन पाहायला आला. तरणा होता, पहिल्यांदाच घरातून वेगळा निघालेला. बायकोचे दागिने मोडून, जमीन न पाहताच त्याने हा खंड भरला होता, हे त्याने आल्या आल्याच सांगितले. मैदान पाहून आधी खूश झाला, आणि मग खाली बसून त्याने गवताला हात लावला.

"आयला, ही तर हरळी!" तो पुढे पळत गेला. पुन्हा वाकला. आणखी पुढे गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर घाम होता. "मास्तर, समदीकडं हरळीच हाय. एक पट्टा बी सुटा नाय. हिच्यात कांदा कसा यील? मी तर बुडालो."

मला भीती वाटली की बावाजी आता काहीतरी कडू बोलतील. निदान उठून बंगल्यात जातील. ते उठले, पण बूट काढून गळ्यात अडकवले आणि त्याला म्हणाले, "चल. तू पन काढ."

त्यांनी त्याला चौथ्या ग्रीनवर नेले. मी मागे होतो. ग्रीनच्या मधोमध बसून त्यांनी चेंडू पडायला भोकात बसवलेला पत्र्याचा डबा हलवून हलवून बाहेर उपसला. भोकाच्या कडेला, मातीच्या थराथरांतून, हरळीच्या पांढऱ्या मुळ्या आडव्यातिडव्या गेलेल्या दिसत होत्या.

"हात घाल. बघ कुठपर्यंत गेली."

त्या पोराने हात घातला.

"ह्या भोकाच्या दुप्पट खोल नांगर घाल. आता नको. वैशाखात, ऊन पेटेल तेव्हा. एकदा उभा, एकदा आडवा. मुळी वर आली की लगेच उचलू नको, ऊन लागू दे, कडकडीत वाळू दे. मग वेचून घे आणि इथे टाकू नको, लांब नेऊन जाळ. ओली मुळी एक पन मातीत राहिली तर परत येते. विहिरीच्या बाजूने सुरुवात कर, तिकडे ती जास्त जोरात आहे. त्या आंब्याखाली पातळ आहे, तिथे मेहनत कमी." थोडा वेळ ते आठवत राहिले. "आणि पानी देऊ नको. पहिले दोन महिने काही झाले तरी ह्या जमिनीला पानी दाखवू नको."

तो पोरगा एकेक गोष्ट बोटावर मोजत होता. सगळे ऐकून झाल्यावर त्याच्या जिवात जीव आला. म्हणाला, "बावाजी, मी शेतकरी असून मला यवढं ठावं नाय. तुमाला कुठनं ठावं?"

"इतकी वर्षे ह्यातले काही होऊ दिले नाय," बावाजी म्हणाले. "म्हणून."

मग नांगराचा फाळ किती खोल गेला हे कसे ओळखायचे ते दाखवण्यासाठी त्यांनी मापासाठी त्याची मूठ पुन्हा त्या भोकात धरली, मग ती बाहेर काढायला लावली आणि भोक दुप्पट खोल व्हावे म्हणून जवळच्या खुरप्याने स्वतःच त्याचा तळ आणखी खणू लागले.